पडद्यामागच्या बाया

भुताखेताला मी मानीत न्हाई. माझा राग माणसांवर हाय, सगळ्यात जास्त माझ्या सख्ख्या भावावर, आश्रुबावर.

निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मानवतच्या माळावर सिनेमाचा तंबू पडला. मधी कापडी पडदा, म्होरं गडीमाणसं, मागं आमी बाया. कापड एकच, म्हणून आमाला चित्र उलटं दिसायचं, उजवा हात डावा. बायांच्या दारावर तिकिटं फाडायला मीच होते.

रोज एकच सिनेमा, अमेरिकेचा. तंबूतला गडी भुजंग भोंग्यातनं समजावून सांगायचा. आधी त्या नटीची कथा. लहानपणीच बापानं नाटकात उभी केली, मंग सिनेमावाल्यांनी नेली, नाव बदललं, दात बदलले, लगीन करू दिलं न्हाई. "आता लाखात लोळायलीय." गडी शिट्ट्या मारायचे.

तंबूचा मालक व्यंकटराव आश्रुबाला म्हणाला, "तुमची कमळी गोड गाती. मुंबईला नेतो, अशीच नटी करतो." आश्रुबा पाघळला. मेल्याला पोटची पोर जड झालती.

सिनेमाच्या शेवटी नटी पाठमोरी होऊन लांब रस्त्यानं निघून जायची. गड्यांना पाठ दिसायची. आमालाबी पाठच दिसाया पायजे. पण आमच्याकडं ती समोरून यायची. ओठ हलायचे, आवाज न्हाई. एकेका बाईकडं बघत कमळीपाशी थांबायची आणि मान हलवून न्हाई म्हणायची.

मी पडदा चाचपला. नुसतं मांजरपाट.

व्यंकटरावाला आमच्या बाजूला आणून दाखवलं. तो हसला. "पाठच तर हाय."

मी भावाला म्हणलं, "पोरीला धाडू नको. ती बाई नको म्हणायलीय."

"अक्का, येड लागलं का तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं व्यंकटराव कमळीला घेऊन गेला. पोर रडायली होती, आणि बाप बिडी फुकीत उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तोंडाला येईल ते बोलले.

सांजच्याला नटी आली, तर तिच्या हाताला कमळी होती. सकाळचंच लुगडं. तिचेबी ओठ हलायले होते.

मी म्होरं धावले, आश्रुबाचं मनगट धरून त्याला बायांत ओढून आणलं.

"बघ."

त्यानं बघितलं. लय वेळ बघितलं.

पलीकडं भुजंग सांगायला होता, बाई एकटीच निघून गेली.

"अक्का," आश्रुबा म्हणाला, "कमळी मागं वळून का बघंना?"