कललेल्या रांगा

पडद्यावर परदेशी कंपनीचं शोधपत्र उघडं होतं आणि चारुता पेंढरकरच्या अंगाचा तिळपापड झाला होता. न तापणारी चिप ज्यातून घडणार, त्या अर्धवाहक स्फटिकाच्या पृष्ठभागावर अणू कसे बसतात, हे तिनं 'अणुशिल्पी' या संगणक-प्रारूपातून शोधलं होतं. आणि छापलं कुणी? दुसऱ्यांनीच! सकाळी तिनं सगळ्यांदेखत आपल्या सहकारी मुलीला, निखत मुजावरला, चोर म्हटलं. त्या गणिताची प्रत तिच्याकडे होती ना! "मी नाही हो, ताई," एवढंच म्हणून ती बिचारी सामान आवरायला गेली.

चारुता तडक रेगेसरांकडे गेली. त्यांनीच तिला हाताला धरून हे शास्त्र शिकवलेलं.

"अगं, अणू सगळ्यांना सारखेच," सर समजुतीनं म्हणाले. "सर्वांत कमी ऊर्जेची रचना एकच. त्यांनाही सापडली असेल."

"रचना एकच, पण रांगा? अणू जोडीजोडीनं रांगेत बसतात आणि प्रत्येक रांग डावीकडे नाहीतर उजवीकडे कलते. दोन्हींची ऊर्जा सारखीच, म्हणजे निव्वळ छापा-काटा! गणित पुन्हा केलं की रांगांचा नकाशा बदलतो. त्यांच्या चित्रात मात्र झाडून सगळ्या रांगा माझ्या नकाशासारख्याच कलल्यात."

सरांनी पेन उचललं. "मग चोरीच. त्या मुजावरला काढून टाक. मी सही देतो."

तक्रारीला जोडायला चारुतानं निखतकडची प्रत टॅबवर उघडली. पहिली रांग शोधपत्राशी जुळेना. दुसरी जुळली, तिसरी नाही. तिनं पहिल्यापासून सगळ्या रांगा पुन्हा ताडून पाहिल्या.

"काय झालं गं?"

"मी गणित दोनदा केलं होतं, सर. ऊर्जा तेवढीच आली म्हणून विसरूनही गेले. निखतला दिलं ते दुसऱ्या वेळचं. चोरलंय ते पहिल्या वेळचं." तिनं टॅब खाली ठेवला. "ते फक्त तुम्हाला दिलं होतं. तपासायला."

सरांनी चष्मा काढून पुसला. "दोनदा कशाला केलंस?"

"तुम्हीच शिकवलंत. पहिल्या उत्तरावर विसंबायचं नाही."

केसानं गळा कापला होता, आणि तोही देव मानलेल्या माणसानं! रडू आवरत ती जिना उतरली. फाटकाशी निखत खोकं घेऊन रिक्षाची वाट पाहत होती. चारुतानं धापा टाकत तिला सगळं सांगितलं.

निखतनं शांतपणे ऐकून घेतलं. रिक्षा आली, तशी तिनं खोकं आत ठेवलं.

"गणित दोनदा केलंत ना, ताई?" ती म्हणाली. "मला एकदा तरी विचारायचंत."