‘येईल’ म्हणजे किती?

सवाई माधवरावांच्या अमदानीत पुण्याच्या संगमावर पेशवे दरबारातल्या इंग्रज वकिलाचा बंगला उठला आणि धायरीची मैना तिथे रोज भाजी घालू लागली. एका सकाळी फाटकाशी वळताना ती एका माणसावर आदळली, अन् पाटीतली वांगी घरंगळली. माणूस वाकून वांगी वेचू लागला, पण तोंडाने पुटपुटतच होता — ‘विल... मे... प्रॉबेबली...’

“अंगात आलंय का काय?” मैनेने विचारलं.

हा दत्तोबा, साहेबाच्या दप्तरातला नवा लिहिणारा. ओशाळत त्याने सगळं सांगून टाकलं. नावाडी म्हणाला होता, नदीला पाणी येईल. याने इंग्रजीत ‘विल’ लिहिलं, म्हणजे येणारच! साहेबाने सगळ्या पेट्या माडीवर चढवल्या, आणि नदी ढिम्म हलली नाही. आपलं ‘येईल’ खात्रीलाही चालतं अन् शंकेलाही. इंग्रजीत मात्र आपल्याला किती खात्री आहे, तेही लिहावं लागतं. ‘मे’ म्हणजे येईल किंवा नाही, ‘प्रॉबेबली’ म्हणजे बहुतेक.

मैना पाटी विसरून ऐकत राहिली. शब्दांचंही वजन करतात, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ते इतकं जिवाला लावून घेणारा माणूसही पाहिला नव्हता. त्याने नजर वर केली, तशी ती उगाचच पदर सारखा करू लागली.

मग ते रोजचंच झालं. भेंडी कोवळी आहे का, असं त्याने विचारलं की ती गंभीर चेहऱ्याने ‘मे’ म्हणायची. उद्या येणार का विचारलं, की मान वळवून — ‘प्रॉबेबली.’

मैना विधवा होती. तिच्या जातीत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागत असे. मांजरी गावच्या एका बागाईतदाराने मागणी घातली, आणि तिचा बाप गेनबा बेस्तरवारी, म्हणजे येत्या गुरुवारी, शब्द देणार होता. तिने ते दत्तोबाला सांगितलं.

“तुमी याल?”

“येईन.”

“कंचं येईन?”

साहेबाची स्वारी त्याच दिवशी मुंबईला निघायची होती. रजेचा भरवसा नव्हता. “...मे,” तो म्हणाला.

मैना मागे न बघता निघाली. निदान खोटं तरी बोलायचं, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

बेस्तरवारी मांजरीकर घोंगडीवर ऐसपैस बसला. पोरीला राणीवानी ठेवीन, पायात काटा मोडू देणार नाही, असं त्याने छातीठोक सांगितलं. तेवढ्यात दत्तोबा दारात उभा राहिला. साहेबाने रजा नाकारली, तेव्हा तो नोकरी सोडून चालत आला होता. त्यानेही मागणी घातली.

“पोर सुखात ऱ्हाईल का?” गेनबाने विचारलं.

“ते मला सांगता यायचं न्हाई, मामा. नोकरी गेली. पर मी राबीन, आन् तिच्याशी खोटं बोलणार न्हाई. एवढं नक्की.”

दाराआडून मैना ऐकत होती. सगळं पणाला लागलेलं असताना हा माणूस एक शब्द वाढवून बोलला नाही! देवाने असाही माणूस घडवला, याचं तिला केवढं नवल वाटलं. पुरुषांच्या बैठकीत बाईने बोलायची रीत नव्हती. ती उंबरा ओलांडून बाहेर आली.

“आबा, मी ह्यांच्यासंगं जाती.”

गेनबा तिच्याकडे बघत राहिला, मग दत्तोबाच्या धुळीने माखलेल्या पायांकडे. जावयासाठी काढून ठेवलेलं गूळपाणी त्याने दत्तोबापुढे सरकवलं.