दीडशे पावलांवरून

हे खरं आहे. ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि ज्या लॅपटॉपवर ते पहिल्यांदा दिसलं, तो मी स्वतः उघडून पाहिला आहे.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

२४ सप्टेंबर २०१३. मंगळवार. दुपारचे दोन.

जागा... जुनं किल्लारी.

भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या उन्हात जाऊन उभं राहावं.

यज्ञेशमामांचा लातुरात फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, सप्ताह. कीर्तनाचं मोठं वेड. टाळ वाजला की ताटावरून उठणारा माणूस. कीर्तन रंगलेलं असताना कुणी फ्लॅश मारला, तर मामा त्याच्या दंडाला धरून मांडवाबाहेर नेऊन सोडायचे. म्हणायचे, बाबा रे, समोर माणूस रडतोय, तुला उजेड कसला पाडायचाय.

हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढं जे केलं ते याच माणसानं केलं.

त्यांच्याकडं एक लेन्स होती. दीडशे ते पाचशे मिलिमीटरची झूम, लांबचं जवळ आणणारी. दोन किलो वजन, हातभर लांब. हिवाळ्यात विष्णुपुरीच्या धरणावर पाखरं टिपायला म्हणून घेतलेली. तिची एक खोड होती. झूम लांब ओढली की ती आत हवा खेचायची. बारीक आवाज यायचा.

हुस्स...

हवेबरोबर धूळ आत जाते आणि सेन्सरवर बसते. सेन्सर म्हणजे पूर्वी रीळ असायचं ना, त्या जागी बसवलेली काचेची चिमुकली पाटी. तिच्यावर कण बसला की तो प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतो. मामा हसून म्हणायचे, माझी लेन्स श्वास घेते.

नंतर हे वाक्य त्यांनी कधीच उच्चारलं नाही.

मामांची मुलगी मालविका तेव्हा बारावीला, राघवेंद्र सरांच्या क्लासमध्ये. स्टार बॅचला. लातुरात स्टार बॅच म्हणजे काय, हे लातूरकराला सांगायला नको. चाळीस पोरं आत, बाकीची हजार बाहेरून काचेला नाक लावून.

त्या वर्षी क्लासची एक मुलगी मेडिकलला लागली होती. किल्लारीची. त्र्याण्णवच्या भूकंपाला वीस वर्षं होत होती. सरांना चौकात मोठं होर्डिंग हवं होतं. एका बाजूला डॉक्टर होणारी नात, दुसऱ्या बाजूला ढिगाऱ्यात बसलेली तिची आजी.

आजीचं नाव सरजाबाई. नव्या गावात मुलाकडं राहायच्या. पण रोज दुपारी जुन्या गावात जायच्या आणि आपल्या पडलेल्या घराच्या ओट्यावर तासभर बसून यायच्या.

मामा सोमवारी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, नातीचं कौतुक सांगितलं. फोटोचं नाव काढलं आणि बाईंचा चेहरा दगड झाला.

"भूकंपात गेलेली पोरगी मांडीवर हुती माझ्या. मनिषा. धा वर्साची. अन् ह्या फोटूवाल्यांचं आपलं कच्... कच्... एक जण म्हणला, बाई, पदर जरा बाजूला घ्या. तोंड दिसंना झालंय पोरीचं."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

"घेतला मी बाजूला. मला वाटलं सरकारी मानूस हाय. घेतला बाबा, माझ्या हातानं."

पुढं त्या एवढंच म्हणाल्या की तेव्हापासून कुणाला काढू दिला नाही, तुम्हीही काढू नका. मामांनी हात जोडले. "न्हाई काढत, मावशी." शब्द दिला.

संध्याकाळी सरांना सांगितलं. सर हसले. म्हणाले, "यज्ञेशराव, ती तोफ काय बगळ्यांपुरतीच घेतलीय का? लांबून काढा. बाईला कळणार पण नाही." मग समोरचे पेपर चाळत, सहज बोलल्यासारखं, "मालविकाची मागची टेस्ट जरा कमी आलीय. बॅचचं बघावं लागेल."

मामांची कानशिलं तापली. त्या माणसाच्या टेबलावरची काच फोडावी असं वाटलं. पण फोडली नाही. मान हलवून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जुन्या किल्लारीत होते.

दगड. बाभळी. गुडघाभर गवत. पडक्या भिंतीच्या आडोशाला स्टँड लावला. दीडशे पावलांवर ओटा. ओट्यावर सरजाबाई, मान खाली, पदर मांडीवर पसरलेला.

मामांनी झूम ओढली.

हुस्स...

त्यांना एका बुवांचं वाक्य आठवलं. दुःख म्हणजे गाभारा, आत जाताना चप्पल बाहेर. मामांनी चप्पल काढली नाही. ते आत गेलेच नाहीत. दीडशे पावलांवरून नुसता हात घातला.

त्या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसतं ते आरशातून. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड सेन्सरवर पडतो, आणि तेवढा वेळ डोळ्यापुढं काळं होतं. म्हणजे फोटो निघतो त्या क्षणी समोर काय घडलं, ते काढणाऱ्याला कधीच दिसत नाही. सेन्सरला दिसतं.

मामांनी बटण दाबून धरलं. दोन सेकंदांत अकरा फोटो.

बोट उचललं, तेव्हा बाभळीवरचे होले घुमायचे थांबले होते. लांबवर शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, त्याही थांबल्या.

आणि...

हुस्स.

झूमला त्यांचा हात लागलेला नव्हता.

सरजाबाई थेट त्यांच्याकडं बघत होत्या.

मामांनी सामान गोळा केलं आणि तडक लातूर गाठलं. क्लासवर सरांनी कार्ड लावून पहिलाच फोटो उतरवून घेतला. "बस. हाच." पुढचे बघितलेही नाहीत.

पुढचे मामांनी घरी, कार्ड लॅपटॉपला लावून बघितले. सातच्या सुमाराला. मामी देवापुढं दिवा लावत होती.

पहिल्या फोटोत काही नाही. बाई, ओटा, पदर.

चौथ्यात मांडीवरचा पदर उंच झालेला. खाली काहीतरी असल्यासारखा.

मामांनी मोठं करून बघितलं. बाईंचे दोन्ही हात दोन बाजूंना दगडावर टेकलेले.

सहाव्यात पदराची कड उचललेली.

आठव्यात... त्या कडेवर चार बोटं होती.

लहान. भिंतीच्या मातीच्या रंगाची.

दहाव्यात पदर निम्मा सरकलेला. आत केस. आणि बाईंची मान वर, नजर लेन्समध्ये.

अकरावा काळा.

मामांनी उजेड वाढवला. वाढवत गेले. तेव्हा काळ्यातून उभे-आडवे धागे दिसायला लागले. लुगड्याचं कापड. दीडशे पावलांवरचं नव्हे. काचेला चिकटलेलं.

त्यांनी कॅमेरा उघडला, हवा मारायच्या रबरी फुग्यानं सेन्सर झाडला. सेन्सर स्वच्छ होता. मामीचा एक फोटो काढून बघितला. चेहऱ्याच्या जागी धागे. देव्हाऱ्याचा काढला. देवांवर धागे. जिथं कॅमेरा वळवला तिथं तोंड झाकलेलं.

लेन्स कपाटात ठेवून कुलूप घातलं. जेवायला बसले, आणि बंद कपाटातून...

हुस्स.

मग थोडं थांबून, अडकत, हुंदका गिळल्यासारखं.

हुस्स... हुस्स...

मामीनंही ऐकलं. घास तसाच ताटात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा कॅमेरा, लेन्स, कार्ड, सगळं पिशवीत घालून सरजाबाईंच्या ओट्यापुढं जाऊन उभे राहिले. या वेळी चप्पल लांब काढली होती.

बाईंनी वर बघितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामा आजही म्हणतात.

"काल पोरगी उठून बसली. वीस वर्सांत कधी बसली न्हाई. मला म्हणली, आई, त्यो मानूस परत आलाय का गं? पदर बाजूला घ्यायचा का?"

मामांनी पिशवीतून कॅमेरा काढला.

"मी न्हाई म्हणूस्तवर गेली. वीस वर्सं मांडी जड हुती माझी, जीव लागलेला हुता. कालपासून हलकी झालीय. कुनी सांगितलं हुतं तुला? मी तुला चहा पाजला, अन् तू माझी पोरगी उचलून नेलीस?"

मामांनी कॅमेरा लेन्ससकट त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंनी त्यावर पदर ओढला. बराच वेळ तशाच बसल्या, मांडी चाचपत.

मग मान हलवली.

"अर्धीच आलीय."

मामांना कळलं. एक फोटो सरांकडं होता.

तिथून ते जे निघाले ते सरळ क्लासमध्ये, सरांच्या केबिनमध्ये. तो फोटो पुसा म्हणाले. आधी हात जोडून, मग टेबलावर हात आपटून. चाळीस पोरं आणि त्यांचे आईबाप काचेपलीकडून बघत होते. सर खुर्चीतून उठलेही नाहीत. होर्डिंग छापायला गेलंय म्हणाले, आणि मालविकाच्या बॅचचा विषय काढला.

मामांनी स्टार बॅचचं दार उघडून मालविकाला हाक मारली. "चल गं. दप्तर घे."

आयुष्यात मामांचा तसा आवाज तिनं पुन्हा कधी ऐकला नाही. आज ती नांदेडला कॉलेजात शिकवते, चांगली आहे. बापानं केलं ते बरोबरच केलं म्हणते.

पण होर्डिंग लागलं. तीस सप्टेंबरला सकाळी चौकात लोक थांबून बघत होते. मामांनी काढला तेव्हा पहिल्या फोटोत बाईंची मान खाली होती. ते त्यांनी आणि सरांनी, दोघांनी बघितलेलं.

होर्डिंगवर मान वर होती.

सर म्हणाले, छापणाऱ्यानं दुसरा घेतला असेल. दुसरा त्यांच्याकडं नव्हताच.

मामांनी पुन्हा लांबची लेन्स घेतली नाही. सरजाबाई अजून दुपारच्या जातात. मांडीवर तो कॅमेरा, वर पदर. मामा दर महिन्याला भेटून येतात. विचारत काही नाहीत. बाईच सांगतात.

अर्धीच हाय अजून.

आणि फोटो? तो आता सरांकडंच राहिलेला नाही. दर सप्टेंबरला कुणीतरी खाली चार भावूक ओळी लिहून तो व्हॉट्सॲपवर पुढं ढकलतं. हात जोडलेले, अश्रू ढाळणारे इमोजी, लोक काय काय चिकटवतात. त्यातल्या एकानंही त्या बाईला विचारलेलं नाही. मला याचा संताप येतो, म्हणून हे लिहिलं.

गेल्या वर्षी तो माझ्या फोनवर आला. मी पुसणारच होतो. फोन टेबलावर पडलेला होता, माझे दोन्ही हात मांडीवर.

फोटो मोठा होत होता.

हळूहळू... पदराच्या दिशेनं.

मी फोन उलटा केला. नंतर न बघता पुसला. तुमच्याकडं आला तर तुम्हीही तेच करा. निदान तेवढी तरी पोरगी घरी जाईल.