मागची करवंटी

दिवेलागणीला पुढच्या दाराशी तांदळाची चिमूट घालणं, एवढंच काम सासूनं पूर्णपणे माझ्यावर सोपवलं होतं. लग्नाला तीन महिने झाले होते. चूल तिची, कोंबड्या तिच्या, मुलगाही अजून बराचसा तिचाच. चिमूट मात्र माझी.

आमच्या गावात प्रत्येक दारापाशी एक करवंटी टांगलेली असते. रात्री गस्तीचे चौघे येतात, भिंतीवर काठीनं एकदा ठोकतात, करवंटीतले तांदूळ पिशवीत ओततात आणि पुढं जातात. सकाळी करवंटी रिकामी दिसली की समजायचं, रात्री कुणीतरी दारावरून गेलं, घर जागेवर आहे का बघून गेलं. त्या तांदळातून चौकीवरचा चहा होतो, आणि कुणाचं छप्पर उडालं तर कौलं.

आमच्या घराला दोन करवंट्या होत्या. एक पुढच्या दाराशी, एक मागच्या. मागं गोठा, गोठ्यामागं बांबूचं बेट, आणि बेटाच्या पलीकडं जमीन एकदम नदीत उतरते. तिकडून गस्तच काय, कुत्रंही येत नाही. तरी म्बोक, म्हणजे माझी सासू, रोज तिथं स्वतः चिमूट टाकायची आणि सकाळी तीही करवंटी रिकामी असायची. चिमण्या असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. विचारलं नाही. नव्या सुनेनं न विचारलेल्या गोष्टी तशाही पुष्कळ असतात, त्यात ही एक.

कापणीच्या दिवसांत म्बोक धाकट्या मुलीकडं गेली. तिला सातवा लागला होता. जाताना म्हणाली, "दोन्ही भरत जा. मागची आधी."

"हो," मी म्हटलं.

आमच्याकडं मोठ्यांना नाही म्हणत नाहीत. हो म्हणायचं, मान खाली घालायची, मग जमेल तसं करायचं. मागं शेण तुडवायचं ते गुरांपायी ठीक, पण चिमण्यांना पोसण्याइतका उत्साह मला नव्हता. चार दिवस मी फक्त पुढची करवंटी भरली.

गोठ्यात माझी गाय होती. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच. वडिलांनी पाठवणीला दिलेली, तांबूस, डोळे काजळ घातल्यासारखे, पोटात वासरू. त्या महिन्यात नदीकाठच्या तीन गावांतून गुरं चोरीला गेली होती. लोक म्हणत, चोर आधी कौलांवर कबरीची माती टाकतात. मग घरातले असे झोपतात की उशी काढून नेली तरी कळत नाही. माझा नवरा तुगिमान हसायचा. "माझ्यावर माती वाया जाईल. मी तसाही झोपतोच."

आमचा बाजार दर पाचव्या दिवशी भरतो. त्याच रात्री तुगिमानची गस्तीची पाळी. त्या संध्याकाळी त्याला न्यायला म्बाह रेसो आला. गस्तीतला सगळ्यात म्हातारा, सगळ्या गावाचा म्बाह, म्हणजे आजोबा. त्यानं करवंटीत डोकावून बघितलं.

"ही चिमूट आहे का मुंगीचं जेवण?"

"मुंग्या तक्रार करत नाहीत, म्बाह."

"तुगिमान, ही बोलते की रे. मला वाटलं, मुकी आणलीस."

"घरात बोलते," नवरा म्हणाला. "मला बाहेर बरं वाटतं ते त्यामुळंच."

म्हातारा दात नसलेल्या तोंडानं हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मागची भरलीस ना, पोरी?"

"हो."

माझ्याकडं तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. "बरं. मग आज मागं जाऊन बघायला नको."

ते गेले. त्यांच्या काठ्यांचा आवाज शेताच्या बांधावरून लांब लांब होत गेला. गाईला गवत टाकून मी कंदील बारीक केला आणि चटईवर आडवी झाले.

झोप आली ती पायांकडून. कोमट पाण्यात हळूहळू उतरावं तशी. बाहेर बेडूक ओरडत होते. आधी शेताकडचे थांबले, मग विहिरीजवळचे, मग आमच्या ओसरीखालचा एकटा राहिला, तोही थांबला. कौलांवर काहीतरी बारीक पडत होतं, वर बसून कुणी पीठ चाळत असावं तसं. मग चाफ्याचा वास आला, दाट, गोड. पांढरा चाफा आमच्याकडं फक्त कबरस्तानात लावतात.

मला सगळं समजत होतं. पण ते समजणं दूर कुणाच्या तरी घरी ठेवून आल्यासारखं वाटत होतं. मी माझं लग्न बघत होते. मांडवातून माझी गाय चालली होती, गुडघाभर पाण्यातून, आणि तिच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजत होती. टोक... लोक... टोक... पाहुणे बाजूला होऊन तिला वाट देत होते. आवाज लांब जात होता. किती छान चालतेय, असं मला वाटत होतं...

ठक... ठक...

मागच्या भिंतीवर.

कुणीतरी खोकलं. ओलं, खोल, पाण्याखालून आल्यासारखं.

"पोरी... करवंटी रिकामी आहे..."

त्या आवाजात राग नव्हता. वाटसरूनं पाणी मागावं, तसा.

"चार रात्री झाल्या..."

"हो..." माझ्या तोंडून निघालं. मला दुसरं काही येतच नव्हतं.

"हो म्हणू नकोस... आण."

आणि त्याच्या मागून दुसरा आवाज आला, ओळखीचा, हसरा. "मुंगीचं जेवण तरी आण..."

म्बाह रेसो. माझ्या जिवात जीव आला. म्हातारा मागं आला होता तर. मी कुशीवर वळले, सरपटत रांजणापाशी गेले, तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. मग तांदळाच्या टोपलीत दोन्ही हात घातले आणि मागचं दार खांद्यानं ढकललं.

अंधारात कुणी माणूस दिसत नव्हता. गोठा रिकामा होता, एवढं दिसलं. मी चाचपडत करवंटीवर ओंजळ सोडली. तांदूळ करवंटीत पडले की टणटणतात. हे पडले ते सरसर, कापडी पिशवीत पडल्यासारखे. मग पावलं नदीकडं उतरली. दोघांची.

थोड्या वेळानं बांबूच्या बेटातून लाकूड वाजायला लागलं, घराघरात आणि चौकीत इशाऱ्यासाठी टांगतात तसं पोकळ लाकूड. न थांबता, भराभर. संकटाचा ठोका. तो ऐकला की प्रत्येक घरानं आपलं लाकूड बडवायचं असतं. एक घर उठलं, मग दुसरं, मग सगळं गाव वाजायला लागलं. मशाली नदीवर पोचल्या तेव्हा गाय गुडघाभर पाण्यात उभी होती. दावं कापलेलं, रवंथ चाललेलं. चोर कुणाला दिसले नाहीत. काठावर एक चप्पल मिळाली. ती कुणी आपली म्हटली नाही.

चौकीत चौघेही झोपलेले सापडले. पुढ्यात सोंगट्यांचा डाव अर्धा पडलेला. टांगलेलं लाकूड जागेवर, त्याचं बडवायचं दांडकं दोरीनं बांधलेलं. तोंडावर पाणी मारल्यावर तिघे उठले. म्बाह रेसो उठला नाही. खांबाला टेकून बसला होता, काठी मांडीवर, हातपाय ताठलेले. अंगाला हात लावून जाणते म्हणाले, हा रात्रीच्या सुरुवातीलाच गेला.

म्बोक परतल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिला एकटीलाच. रागावली असती तर बरं झालं असतं.

"किती वेळा ठोकलं?" तिनं विचारलं.

"दोनदा."

"तो एकदाच ठोकतो," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या वेळचा गस्तवाला. चोरांमागं नदीत उतरला, वर आला नाही. पाळी संपली असं त्याला कुणी सांगितलंच नाही."

संध्याकाळी तिनं मागच्या दाराशी जुन्या करवंटीशेजारी दुसरी बांधली.

वासरू झालं, पाटीभर मोठं, आईसारखंच तांबूस. मी आता मागच्या दोन्ही आधी भरते. म्बाह रेसोच्या करवंटीत चिमूट नाही, मूठ. सकाळी दोन्ही रिकाम्या असतात. चिमण्यांचं नाव मी काढत नाही.

आज बाजाराचा दिवस. तुगिमानची पाळी. आत्ता दिवेलागणीला मी तांदूळ घेऊन मागं आले, तर तिथं तिसरी करवंटी टांगलेली. नुकती फोडलेली, आतून अजून ओली, खोबऱ्याचा ताजा वास. वारा नाही, तरी हलतेय.

"म्बोक, ही तुम्ही टांगलीत?"

आत कालथ्याचा आवाज थांबला.

ही भरली तर ती कुणाची आहे, ते मी कबूल केलं. नाही भरली तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. मुठीतले तांदूळ घामानं चिकटायला लागलेत.

"अगं, माझी सारोंगची लुंगी कुठं ठेवलीस?" पुढच्या दारातून तुगिमान ओरडतोय. "मागचं आटपलं का तुझं?"

"हो," मी म्हटलं.