पहिला नंबर हटेना

धुळाच्या थोरल्या लेकीचं, रेश्माचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. कवठे महांकाळात वरात निघाली होती. पुढं इंद्रजितची बेंजो पार्टी वाजत होती. नवरीची धाकटी बहीण सोनिया गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बट घामानं कपाळाला चिकटलेली, सुटलेला गजरा हातात.

"मघापासनं तेच चाललंय. दुसरं गाणं न्हाई व्हय तुमच्याकडं?"

"गाणं तेच हाय," तो बटणांवरची बोटं न थांबवता म्हणाला, "नाचणारं बदलाय लागत्यात."

ती हसू दाबत बघत राहिली… आणि इंद्रजितचा ताल चुकला.

सोनिया सांगलीत नर्सिंग शिकली होती. आठवड्यानं ती विलायतेला, तिथल्या दवाखान्यात नोकरीला जाणार होती. तिकडं म्हणे दर शुक्रवारी सगळ्या देशात कुठलं गाणं पहिल्या नंबरात आलं ते जाहीर करतात. ते बेंजोवर जमेल का, तिनं विचारलं. पाठवून तर बघा, तो म्हणाला. मग आमच्या आजीला ऐकवायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

शुक्रवारी तिकडं नंबर लागायचा. शनिवारी सकाळी गाणं इंद्रजितच्या मोबाईलवर यायचं. ते बोटांत बसलं की तो धुळाच्या अंगणात जायचा. सोनियाच्या आजीला, बयाबाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. गाणं झालं की ती फोनवर नातीला निकाल द्यायची आणि फोन इंद्रजितच्या हातात देऊन अंगणातच, पण जरा लांब जाऊन बसायची. मग गाण्यावरनं बोलणं निघायचं आणि भलतीकडंच जायचं. तिकडच्या पावसाला वासच नाही, सोनिया सांगायची. इकडं पाऊसच नाही, वास कुठनं पाठवू, तो म्हणायचा.

हिवाळा असा गेला. उन्हाळ्यात मात्र एक गाणं पहिल्या नंबरावर जाऊन बसलं, ते उठेचना. "याही आठवड्यात तेच," सोनियानं कळवलं. पुढं नुसतं "तेच". मग तेही येईना. गाणं नाही तर फोन कशाच्या निमित्तानं करायचा? ज्या गायकाचं तोंडही बघितलं नव्हतं, त्याचा इंद्रजितला राग येऊ लागला. त्यातच धुळा बोलून गेला, कराडचा इंजिनिअर पोरगा हाय, दिवाळीत सोनिया आली की बघायचा कार्यक्रम उरकायचा.

इंद्रजित अंगणात बेंजो मांडीवर घेऊन तारा पुसत बसला.

"न्हाई उतरलं व्हय रं अजून?" बयाबाईनं विचारलं.

"न्हाई आजी."

"आमी मेंढरामागं सगळं रान एका ओवीवर काढायचो. मेंढरं कटाळली न्हाईत. आन् तुमी दोघं परक्याच्या गाण्यापाई तोंडं शिवून बसलाय."

मग तिनं त्याला ती ओवी शिकवली. बिरोबाची, लांबलचक, चढत जाणारी.

रविवारी तो एकटाच माळावर गेला आणि त्यानं फोन लावला.

"नवं आलं व्हय?" सोनिया म्हणाली. "इकडं तर अजून तेच हाय."

"असू दे. आज माझ्याकडनं हाय."

त्यानं ओवी वाजवली. बेंजोचा आवाज त्या ओवीला जरा टोचरा पडत होता, दोनदा बोट घसरलं. ओवी संपताच सोनियानं विचारलं,

"आजी हाय शेजारी?"

"न्हाई. मी एकटाच हाय."

"मग इतकं दिवस फोन का न्हाई केला?"

"गाणं बदलायची वाट बघत होतो."

"मी पण," ती हळूच म्हणाली. "आबांना मी सांगते. कराडच्या पोराला नका बोलवू म्हणून. तू मागणी घालायला येशील ना?"

ती पहिल्यांदाच त्याला तू म्हणाली होती.

"येईन," तो म्हणाला. "बेंजो घरी ठेवून येईन."

ते गाणं पुढं कुठल्याशा शुक्रवारी उतरलं. कोणत्या, ते दोघांनाही आठवत नाही. दिवाळीत सोनिया आली. वाजवणाऱ्याच्या घरी लेक द्यायची म्हणून धुळा चार दिवस फुगून बसला आणि पाचव्या दिवशी स्वतःच सुपारी आणायला गेला. सुपारी फुटली, तेव्हा बयाबाईनं इंद्रजितला बेंजो आणायला लावला. ओवी नको म्हणाली, ते हटत नव्हतं ते वाजव.

सोनिया रजा संपवून परत गेली. बयाबाई त्याच वर्षी, चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी वारली.