निळ्या बादल्यांची भोकं

"अगं, भोकं बुडाला पाड, पोटाला नको!" विठू ओरडला.

"मला शिकवू नकोस! चुलीतली सळई दे इकडे!"

श्यामला सुट्टीसाठी पेणहून रोह्याला आत्याकडे आली होती. आतेभाऊ विठूला हाताशी धरून ती परसात भाजीसाठी बादल्या तयार करत होती. तीन पांढऱ्या, घराला रंग देऊन रिकाम्या झालेल्या. तीन निळ्या, भंगारवाल्या दाजीकडच्या. बुडाला पाच भोकं, त्यांवर फुटक्या कौलाचे तुकडे, मग माती.

सळई टेकताच निळ्या बादलीतून असा उग्र वास आला, की विठूला ठसकाच लागला! "दाजी तर म्हणाले, साबणाच्या आहेत."

आठ दिवसांत पांढऱ्या बादल्यांतली वांग्याची रोपं तरारली. निळ्यांतली काळी पडली.

"पाणी साचलं असेल," विठू म्हणाला.

श्यामलाने बादली उचलून पाहिली. भोकं मोकळी होती, पाणी नीट निथळत होतं. पण ते जिथे निथळलं, तिथलं गवत जळालं होतं आणि दोन गांडुळं मरून पडली होती.

"विठू, दाजींकडे अशा अजून चार होत्या ना?"

"कालच अंगणवाडीत दिल्या. प्यायच्या पाण्याला..." विठूचा चेहरा पांढराफटक पडला. त्याची धाकटी बहीण मालू आत्ता तिथेच होती!

दोघं जीव खाऊन पळाले. अंगणवाडीच्या गोदूबाईंनी नव्या बादलीतला पहिलाच पेला मालूच्या हाती दिला होता. विठूने तो हिसकावला. मालूने भोकाड पसरलं.

"मेल्या, तहानलेल्या पोरीचं पाणी काढतोस?" गोदूबाई कडाडल्या.

"बादलीत विष आहे!"

झाकणं द्यायला आलेला दाजी हसला. "काय नाय होत! तीनदा धुतल्यात."

श्यामलाने पेला त्याच्यापुढे धरला. "मग तुम्ही प्या."

दाजीचं हसू गेलं. त्याने हात पुढे केलाच नाही.

"केमिकलच्या कंपनीतल्या हायत," तो पुटपुटला. "लेबलं मीच खरवडली. नेतो परत."

"आणि उद्या दुसऱ्या कुणाला द्याल! विठू, खिळा-हातोडी आण!"

भरलेली बादली झाकून पुराव्याला ठेवली. उरलेल्या तिन्ही रिकाम्या बादल्यांची बुडं श्यामलाने तिथेच फोडली. ठक! ठक! ठक!

गोदूबाईंनी मालूला छातीशी घट्ट धरलं होतं.

"गुणाची गो माझी पोर! अजून एकेक भोक पाड," त्या म्हणाल्या. "थेंबभर पाणी राहता नये त्यात."