रिकामी फेरी

आमच्या इमारतीसमोरच्या मैदानात दरवर्षी फिरता मेळा उतरायचा. एक उंच पाळणा, नेमबाजीचा तंबू आणि गोल फिरणारे लाकडी घोडे. घोड्यांच्या मालकिणीला सगळे घोडेवाली मावशी म्हणत. पोरं कितीही भोकाड पसरोत, पहिली फेरी ती रिकामीच फिरवायची.

"ही जागेची फेरी. आधी जागा बसणार, मग तुमची पोरं."

यंदा मेळ्याचे ट्रक फाटकावरूनच परत धाडले. नव्या आराखड्यात मैदानाचा वाहनतळ झाला होता. मी हरकत घेतली: पिढ्यान् पिढ्या मेळा जिथे उतरतो, ती जागा मेळ्यासाठीच आरक्षित ठेवा. सुनावणीत नगररचनेच्या साहेबांनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही.

"मॅडम, नकाशात ती जागा मोकळी आहे."

"मोकळी असते म्हणूनच मेळा उतरतो ना!"

"मग उद्या फुगेवाल्यालाही आरक्षण देऊ या?"

सगळे हसले. माझा नवराही. ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

मैदानावर काँक्रीट पडलं. गाड्या यायच्या आधी पोरांनी तिथे खेळ मांडला. माझी नजर लेकीवरून एरवीही हटत नाही. त्या दुपारीही गॅलरीत उभी होते. पोरं गोलात चालत होती. सगळ्यांच्यात सारखं अंतर. मुठी छातीसमोर एकावर एक, जणू घोड्याचा दांडा धरलाय. आवाज कुणाचाच नाही.

मग लेक वर गेली. वीतभर.

खाली आली. पुन्हा वर.

मी अनवाणी धावले. "उतर! आधी खाली उतर!" मूठ सुटेना. एकेक बोट उचकटताना आत काहीतरी गार, गुळगुळीत माझ्या हाताला लागलं.

गोल थांबला. पोरं गुपचूप घरी गेली.

"आई," लेक म्हणाली, "मी अजून उतरले नाहीये."

मी मावशीला फोन लावला आणि तिच्यावरच उखडले. "काय करून ठेवलंत हे?"

"मी? मला तर तुम्ही आतही येऊ दिलं नाहीत." मग ती हळू आवाजात म्हणाली, "जागेची फेरी राहिली ना, बाई. तुमची पोर आधी बसली. उतरवायची तर घोडे तिथेच लावायला हवेत. दुसरीकडे लावून काय उपयोग? जागा मिळवा."

नवरा म्हणाला, "उन्हानं झालं असेल." मी लेकीचा हात धरला आणि तडक साहेबांचं टेबल गाठलं.

"हरकतींची मुदत संपली, मॅडम."

"मैदान परत द्या. माझी मुलगी..." पुढे काय सांगायचं?

"मुलगी ठणठणीत दिसतेय की."

सफाईवाली बाई फरशी पुसत आमच्यापर्यंत आली. मी बाजूला सरकले. लेक जागची हलली नाही. बाईनं आपल्याच तंद्रीत तिच्या चपलांखालून ओलं फडकं सपकन फिरवलं आणि पुढे गेली.